भाव कळला, पण माल येतो कुठून?

खरेदी विभागात काम करणाऱ्यांसाठी आणि त्याहून जास्त त्यांना माल पुरवणाऱ्यांसाठी ही पोस्ट. लांब आहे, पण बरेच दिवस मनात घोळतंय.

सोर्सिंगचं, म्हणजे पुरवठादार शोधून भाव ठरवण्याचं, सॉफ्टवेअर घेतलं की पहिला प्रश्न येतो, "बचत किती झाली?" त्यामुळे सगळ्यात आधी वापरात येतं ते रिव्हर्स ऑक्शन. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नेहमीच्या लिलावात भाव चढतो, इथे तो उतरतो. ठरलेल्या वेळी सगळे पुरवठादार आपापल्या स्क्रीनसमोर बसतात. बहुतेक वेळा बाकीच्यांची नावं दिसत नाहीत, दिसतो तो फक्त आपला क्रमांक. बराच वेळ काहीच हालचाल नसते. शेवटच्या दोन मिनिटांत कुणीतरी भाव खाली आणतो, वेळ आपोआप वाढते, मग दुसरा उतरतो, पुन्हा वेळ वाढते. ज्या भावाला सकाळी फोनवर "अजिबात परवडत नाही" म्हटलं होतं, त्याच्याही खाली माणूस जातो, कारण एक नंबरवरून दोन नंबरवर घसरलेलं त्याला डोळ्यांसमोर दिसत असतं.

हे काही आजचं नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या फ्रीमार्केट्स या कंपनीने कंपन्यांच्या खरेदीसाठी असे ऑनलाइन लिलाव रुजवले. २००४ मध्ये ती खरेदीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अरिबाने घेतली आणि २०१२ मध्ये अरिबाच एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली. आज ऑक्शन हे सॉफ्टवेअरमधलं एक साधं बटण आहे.

माझा ऑक्शनला सरसकट विरोध नाही. खोकी, नट-बोल्ट, स्टेशनरी, म्हणजे जी वस्तू दहा जण सारख्याच दर्जाची बनवतात, तिथे ते जरूर करावं. व्यवस्थापन सल्लागार पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्येच हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडलं होतं की, खरेदीच्या वस्तू दोन गोष्टींवर तपासा: नफ्यावर परिणाम किती आणि पुरवठ्याची जोखीम किती. अडचण अशी की बटण सगळ्या वस्तूंना लागू पडतं. मग ज्या पार्टचा साचा एकाच पुरवठादाराकडे आहे, ज्याच्या मंजुरीलाच कित्येक महिने लागतात, तोही ऑक्शनला चढतो.

आता दुसरी बाजू. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली. मर्क या जर्मन कंपनीचा ओनाहामा इथला कारखाना बंद पडला. तिथे झिरॅलिक नावाचं, गाडीच्या रंगाला चमक देणारं रंगद्रव्य बनत होतं आणि ते जगात दुसरीकडे कुठेच बनत नव्हतं. फोर्डला काही काळ्या आणि लाल छटांच्या ऑर्डर थांबवाव्या लागल्या. रंग पुरवणारे एकापेक्षा जास्त असले तरी काय उपयोग, त्यांच्या मागे रंगद्रव्याचा कारखाना एकच! खरेदीच्या स्क्रीनवर हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे फक्त पहिल्या फळीचा, म्हणजे आपल्याला थेट माल देणारा, पुरवठादार असतो.

त्याच भूकंपानंतर टोयोटाने आपल्या पुरवठादारांचे पुरवठादार कोण, त्यांच्यामागे कोण, याची माहिती गोळा करून रेस्क्यू नावाची यंत्रणा उभी केली. सेमीकंडक्टरसारख्या वस्तूंचा काही महिन्यांचा साठा ठेवायला पुरवठादारांना सांगितलं. २०२१ च्या सुरुवातीला चिपच्या टंचाईने इतर कंपन्यांच्या लाइन थांबत होत्या तेव्हा टोयोटा बऱ्यापैकी तग धरून होती. पुढे टंचाई लांबली तेव्हा तिलाही उत्पादन कापावं लागलं, पण मिळालेला वेळ मोलाचा होता.

माझ्या मते सोर्सिंग तंत्रज्ञानाचं खरं काम हेच आहे. नकाशावर कारखाने दाखवणारी, पूर-आग-संप यांच्या बातम्या वाचून लगेच इशारा देणारी साधनं आज सहज मिळतात. एकाच व्हेंडरची, म्हणजे पुरवठादाराची, ईआरपीमध्ये (कंपनीचे सगळे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चार वेगवेगळ्या स्पेलिंगने पडलेली नावं, एका प्लांटमध्ये नगावर आणि दुसरीकडे किलोवर घेतला जाणारा तोच माल, हा पसाराही एआय झपाट्याने आवरतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या फळीची माहिती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आयती नसते. ती पुरवठादाराने स्वतः द्यावी लागते.

आणि तो का देईल? काल ज्याला ऑक्शनमध्ये पिळून काढलं, त्यालाच आज आपण फॉर्म पाठवतो: "तुमचा कच्चा माल कोणाकडून येतो ते भरा." त्याला सरळ भीती वाटते की ही नावं मिळाली की आपल्याला वगळून थेट तिकडे जातील. मग तो अर्धवट माहिती भरतो, किंवा "गोपनीय" लिहून मोकळा होतो. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. शेवटी नकाशाचे लाखो रुपये मोजून हाती येतात ती पहिल्या फळीची नावं, जी आपल्याकडे आधीपासूनच होती.

आता तर वाटाघाटीही बॉट करतात. वॉलमार्टने छोट्या पुरवठादारांशी अटी ठरवायला पॅक्टम या कंपनीचा चॅटबॉट वापरला आणि बऱ्याच जणांशी करार झालेही. ज्यांना पूर्वी कुणी फोनवरही उभं करत नव्हतं त्यांना निदान बोलायला जागा मिळाली, हे मी चांगलंच मानते. पण बॉटला उद्दिष्ट काय द्यायचं हे आपणच ठरवतो. फक्त भाव आणि पेमेंटची मुदत दिली, तर तो तेवढंच ओढत राहणार.

म्हणून माझी मागणी दोन गोष्टींची आहे. पुरवठादाराने सांगितलेली मागची नावं फक्त जोखीम ओळखण्यासाठी वापरू, त्याला डावलायला नाही, हे कलम करारात लेखी हवं. आणि व्हेंडर रेटिंग दोन्ही बाजूंचं हवं. तो किती वेळा उशिरा आला हे जिथे दिसतं, त्याच स्क्रीनवर आपण पीओ (खरेदीची ऑर्डर) किती वेळा बदलला, फोरकास्ट (मागणीचा अंदाज) किती चुकला, त्याचं बिल मुदतीनंतर किती दिवसांनी निघालं, हेही दिसू दे, आणि त्यालाही दिसू दे. हा सगळा डेटा ईआरपीमध्ये आधीच आहे. डेमो द्यायला येणाऱ्या प्रत्येक कंपनीला मी आता सगळ्यात आधी हाच रिपोर्ट काढून दाखवायला सांगते.