मामाजी, सूर्य माह्या ऐकण्यातला नाही

नातेवाईकांत एकट्याकडेच मोठा कॅमेरा असला की लग्नातले सगळे फोटो त्यानेच काढायचे असतात, फुकटात. आणि लग्न नागपुरात, ते पण मे महिन्यात असलं, की सूर्याच्या वाटणीच्या शिव्याही त्यानेच खायच्या असतात.

म्हणजे बघा, नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर टाळूवर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखालीच गायब. शाळेतल्या पोरांना मजा वाटते, ग्रुप फोटोची मात्र वाट लागते, कारण उजेड सरळ वरून पडला की कपाळ अन नाक चमकतं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. त्यात सूर्य आभाळात दिसतो जेमतेम अर्ध्या अंशाएवढा, एवढ्याशा जागेतून येणाऱ्या उजेडाची सावली धारदारच पडणार ना. ढग आला की तोच उजेड आभाळभर पसरून येतो, चेहरे मऊ दिसतात. पण मेमध्ये नागपुरात ढग कुठून आणू? मामाजी स्क्रीनवर बघून म्हणतात, "काहून बे, माह्या डोळ्याले काय झालं? मेल्यावानी दिसून राहिलो!"

बरं, सावलीत घ्यावं तर मांडव. मांडवाचं कापड पिवळं-केशरी. ते कापड उन्हातला निळा भाग बहुतेक सगळा खाऊन टाकतं आणि उरलेला खाली सोडतं, त्यामुळे नवरी पिवळी, नवरदेव पिवळा, गुरुजी पिवळे, हळद अख्ख्या वऱ्हाडालाच लागली की काय. अशा वेळी एक इंजिनियर भाचा हमखास पुढे येतो, "मामा, व्हाइट बॅलन्स मार ना." अरे राजा, व्हाइट बॅलन्स म्हणजे कमी पडलेला रंग कॅमेऱ्यानं वाढवून घेणं, पण जो निळा उजेड सेन्सरपर्यंत पोचलाच नाही तो वाढवून काय होणार, फोटोत दाणे दिसणार फक्त. मावशीची निळीशार पैठणी आली कळकट काळी, मावशीनं तेव्हापासून अबोला धरलाय. आणि हीच मावशी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, साडी घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटवर काडीचा विश्वास ठेवत नाही, गठ्ठ्यातली साडी ओढून दारात उन्हात आणते, पदर उलटापालटा करून बघते, दुकानदार मागे मागे पळतो. ट्यूबलाइटच्या उजेडात काही रंग भरपूर असतात अन काही नावालाच, हे तिला कोणी शिकवलं नाही तरी पक्कं माहीत आहे. फक्त माझ्यासमोर विसरते.

संध्याकाळी लॉनवर वेगळीच कथा. "अंधार हाय तं फ्लॅश मार ना बे!" मारला. आता फ्लॅशचा हिशोब असा, की अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश. पुढची रांग २ मीटरवर, मागची ४ मीटरवर, म्हणजे पुढच्या काकू पिठात लोळल्यासारख्या पांढऱ्या आणि मागे कोण उभं आहे ते ओळखा. मागे उभे होते जावई. उंच म्हणून मीच मागे पाठवलेले. झालं, "जावयाले मुद्दाम काळं केलं" ही बातमी आइस्क्रीम यायच्या आत गेटपर्यंत पोचली.

स्टेजवरच्या स्वस्तातल्या एलईडीचं तर बोलायलाच नको. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ते दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला पत्ता लागत नाही, पण शटर १/१००० सेकंदावर ठेवलं की नवरीच्या शालूवर आडवे काळे पट्टे. १/१०० वर आणलं की पट्टे जातात, पण मग नाचणाऱ्या पोरांचे हात धुरासारखे येतात.

तेवढ्यात भाची तिचा मोबाईल नाचवत आली. त्यानं एका दमात बरेच फोटो घेऊन आतल्या आत जोडले होते, सगळे उजळ, सगळे गोरे, जावईसुद्धा. मी तिला हे जोडाजोडीचं समजावायला गेलो तर मामाजी मधेच म्हणाले, "राहू दे तुह्यं सायन्स. पुढच्या मेमध्ये पिंट्याचं हाय, दुपारचा मुहूर्त. जावयाले पुढं बसवजो, अन सूर्याचं तुह्यं तू पाहून घे."