ब्रिक लेनची मशीद आणि आपलं मस्जिद बंदर

‘आधी चर्च, मग सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), आता मशीद! याला म्हणतात सहिष्णुता!’ लंडनच्या ब्रिक लेनवरच्या त्या इमारतीचा हा फॉरवर्ड काल पुन्हा आमच्या ग्रुपवर आला. फोटो झकास. मजकूर मात्र मला पचत नाही.

वास्तू १७४३ची. फ्रान्समध्ये छळ झाल्यामुळे पळून आलेल्या ह्युगनो लोकांनी, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांनी, बांधलेली. त्यांच्यातले कितीतरी जण रेशीम विणणारे. १८०९ मध्ये तिथे एक मिशनरी संस्था आली, तिचं कामच मुळी ज्यूंना ख्रिस्ती करणं. त्यात फारसं यश आलं नाही. पुढे मेथडिस्ट हा ख्रिस्ती पंथ आला. आणि १८९८ मध्ये त्याच भिंतींच्या आत चक्क सिनेगॉग! हा विनोद फॉरवर्डवाल्यांच्या गावीही नसतो.

हे ज्यू रशियन साम्राज्यातून आलेले. १८८१ मध्ये झारचा खून झाला आणि ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. जीव मुठीत धरून आलेली ही माणसं लंडनच्या ईस्ट एंडमध्ये शिलाईकामाला लागली. पण धर्माच्या बाबतीत भलती कडक! लंडनच्या प्रस्थापित ज्यूंची कोशर (ज्यू धर्मनियमांना धरून असलेल्या) मांसावरची देखरेख त्यांना ढिली वाटायची, म्हणून त्यांनी आपली वेगळी व्यवस्था उभी केली. म्हणजे भांडण घरातलंच, जुने आणि नवे असं.

पुढची पिढी शिकली, पैसा आला, मंडळी गोल्डर्स ग्रीनसारख्या भागांत गेली. सिनेगॉग ओस पडलं. तोवर शेजारच्या शिलाईच्या कारखान्यांत सिल्हेटचे बांगलादेशी आले होते. १९७६ मध्ये तिथे मशीद झाली.

यात सहिष्णुता कुठे आली? एकाची परिस्थिती सुधारली की तो निघतो आणि मागून आलेल्या गरिबाला तीच मोठी खोली परवडते. मला यातली ही साधी निकड जास्त खरी वाटते. मी गेलो तेव्हा फूर्निए स्ट्रीटच्या बाजूला उभा राहून वर बघत होतो. तिथे उन्हाचं घड्याळ आहे, त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, ‘आपण सावली आहोत’. इतक्या मालकांपैकी कोणीही ते काढलं नाही. तेवढं मात्र कौतुक!

आणि इतक्या लांब कशाला जायचं? आपले बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, सिनेगॉगला मशीदच म्हणत आले. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत बांधलेलं सिनेगॉग म्हणजे ‘जुनी मशीद’. मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. फॉरवर्ड करणारे आमचे काका चाळीस वर्षं त्याच स्टेशनवर उतरत होते!