‘लीडने कोडची प्रत्येक ओळ पाहिलीच पाहिजे’: लिनक्सचा दाखला उलटाच निघतो

सॉफ्टवेअर टीम चालवणाऱ्यांमध्ये एक दावा सतत फिरत असतो. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स सगळे स्वतः पाहतात म्हणून लिनक्स टिकले, तेव्हा टीम लीडनेही कोडची प्रत्येक ओळ तपासावी. काम इतरांना वाटून दिले की दर्जा घसरतो, आणि लीड रजेवर गेला की सगळे ठप्प होते, असा तो दावा आहे.

आधी प्रत्येक ओळीचे पाहू. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नेटवर्किंग, फाइल सिस्टिम, ड्रायव्हर अशा विभागांना स्वतंत्र मेंटेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारे जबाबदार लोक, आहेत, आणि कोणता भाग कोणाकडे हे एका फाइलमध्ये उघडपणे लिहिलेले असते. टोरवाल्ड्स यांच्याकडे पोहोचतो तो बहुतांशी या मेंटेनरांनी पारखून एकत्र केलेला कोड. एकेका आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल येतात आणि नवे बदल घेण्याची मुदत साधारण दोन आठवड्यांची असते. एकट्याने प्रत्येक ओळ पाहणे शक्य नाही हे कळायला एवढा हिशेब पुरेसा आहे.

दर्जाचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्याची परीक्षा प्रत्यक्षात होऊन गेली आहे. १९९८ च्या सुमारास टोरवाल्ड्स यांच्याकडे ई-मेलने येणारे अनेक पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, उत्तराविनाच हरवत, आणि आपला पॅच नाकारला गेला की नजरेतून सुटला, हेही पाठवणाऱ्याला कळत नसे. दर्जा राखण्यासाठी ठेवलेली चाळणीच तुंबली होती. २००२ मध्ये कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे बिटकीपर हे सॉफ्टवेअर वापरात आले आणि २००५ मध्ये ते हातचे गेल्यावर टोरवाल्ड्स यांनी त्याच कामासाठी गिट लिहिले. त्यामुळे विभागवार काम एकत्र घेणे सोपे झाले. शिवाय २००४ पासून बदल लिहिणाऱ्याची आणि तो पुढे नेणाऱ्या मेंटेनरची नावानिशी सही त्या बदलावर असते, म्हणजे कामाबरोबर जबाबदारीही वाटली गेली. पुष्कळ टीममध्ये नेमके हेच होत नाही: काम खाली जाते, निर्णयाचा अधिकार लीडपाशीच राहतो आणि खापर मात्र वाटपावर फुटते.

रजेचे म्हणाल, तर २०१८ मध्ये टोरवाल्ड्स काही आठवडे बाजूला झाले, तेव्हा कर्नलची ४.१९ ही आवृत्ती मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी काढली. गिटची सूत्रे तर टोरवाल्ड्स यांनी ते लिहिल्यावर चारच महिन्यांत जुनिओ हामानो या दुसऱ्या प्रोग्रॅमरकडे दिली.

दाव्यातला एक अंश खरा आहे: कर्नलमध्ये अंतिम शब्द टोरवाल्ड्स यांचाच असतो. मात्र न पटलेला कोड ते कडक शब्दांत त्या मेंटेनरकडे परत धाडतात. तो दुरुस्त करण्याचे काम मेंटेनरचेच राहते.