शाफ्ट बॅलन्सचा फॉरवर्ड आणि थरथरणारी जिप्सी

ऑफरोडवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'जिप्सी, जिम्नी, थार लिफ्ट केली की 60 ते 80च्या वेगाला थरथरते, कारण प्रॉपेलर शाफ्टचा बॅलन्स जातो. शाफ्ट बॅलन्स करून आणा. मग व्हील अलाइनमेंट करा. तरी नाही गेलं तर पाट्याखाली वेज टाकून पिनियनचं तोंड वर करा. थोडी थरथर राहिली तर राहू द्या, मॉडिफाय गाडी आहे.' खाली नमस्कार आणि जीपचं चित्र. यातली लिफ्ट म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी उंच करणं, प्रॉपेलर शाफ्ट म्हणजे इंजिनची ताकद एक्सलपर्यंत नेणारी फिरती नळी, पिनियन म्हणजे एक्सलमधला तो गिअर ज्याला हा शाफ्ट जोडतात, आणि वेज म्हणजे पाचर.

बॅलन्सपासून सुरुवात करू, कारण लोकांचे पैसे तिथेच जातात. शाफ्टचा बॅलन्स म्हणजे त्याच्या नळीभोवती वजन कसं वाटलं गेलंय ते. गाडी तीन इंच उचलली म्हणून नळीवरचं वजन जागा सोडत नाही. बदलतो तो शाफ्टचा उतार. ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणारी पेटी, चॅसीबरोबर वर जाते, एक्सल होता तिथेच राहतो, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसना, म्हणजे वाकून फिरू शकणाऱ्या जोडांना, जास्त वाकून फिरावं लागतं. वाकलेला क्रॉस पुढचा शाफ्ट एकसारखा फिरवतच नाही. एका फेऱ्यात शाफ्ट दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. क्रॉस 9 अंशांत असेल आणि ट्रान्सफर केसमधून 2400 आरपीएम येत असतील, तर शाफ्टचा वेग 2370 ते 2430 असा खालीवर होत राहतो. बॅलन्सिंग मशीनवर हाच शाफ्ट सरळ धरून फिरवतात. तिथे कोनच नाही, त्यामुळे दोषही दिसत नाही. 'ओके' लिहिलेली पावती मिळते आणि गाडी आली तशीच थरथरत घरी जाते.

थरथर कशाची आहे हे आधी मोजून काढता येतं आणि हिशोब सोपा आहे. 28 इंची टायर असेल तर 80च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण 10 फेरे घेतं. एक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे फेरे, 4 धरलं तर शाफ्ट 40 फेरे घेतो. आता सेकंदाला 10 हादरे असतील तर चाक, टायर किंवा रिम बघा. 40 असतील तर शाफ्ट खरोखर अनबॅलन्स आहे किंवा वाकलाय. 80 असतील तर क्रॉसचे कोन. फोनमधल्या व्हायब्रेशन ॲपवर हे दिसतं, फक्त ॲप सेकंदाला किती नोंदी घेतंय ते सेटिंगमध्ये पाहा. 100 घेत असेल तर 50च्या वरचं काही त्याला कळतच नाही आणि 80चा हादरा ते 20चा म्हणून दाखवू शकतं. फोन नको असेल तर अंगाला कळतं तेवढंही पुष्कळ आहे: 10 हादरे वेगवेगळे मोजल्यासारखे जाणवतात, 80 असले की फ्लोअरमधून घुमल्यासारखा आवाज येतो. रिकाम्या रस्त्यावर त्याच वेगाला गिअर बदलून बघा. इंजिनचा आरपीएम बदलूनही थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि ते ज्यावर बसतं ते फाउंडेशन रबर यातून सुटले.

10 हादऱ्यांवाल्यांनी आधी चाकं धुवावीत. कोकणातून आलेल्या गाडीच्या रिममध्ये आतल्या बाजूला वाळलेला लाल चिखल असतो आणि त्याच्यापायी उगाच शाफ्ट उतरवला गेल्याची उदाहरणं थोडीथोडकी नाहीत.

शाफ्टचा बॅलन्स कधीच जात नाही असं मात्र नाही. दगड लागून नळीला पोचा पडला, वेल्ड केलेली वजनाची पट्टी उडाली, लेथवर नळी कापून लांबी वाढवली, तर बॅलन्स करायलाच हवा. लिफ्टमुळे स्प्लाइन, म्हणजे शाफ्टचे दोन तुकडे एकमेकांत सरकवणारा खाचांचा जोड, बाहेर ओढली जाऊन पकड कमी राहिली तरी शाफ्ट डुगडुगतो, पण तिथे इलाज लांब शाफ्ट किंवा फ्लँजला, म्हणजे शाफ्ट बोल्टने बसतो त्या चकतीला, स्पेसर हा आहे.

व्हील अलाइनमेंटचा सल्ला निव्वळ नामसाधर्म्यावर चाललाय. त्या मशीनवर टो, कॅम्बर, कॅस्टर हे चाकांचे आणि स्टिअरिंगचे कोन मोजतात. शाफ्टचा कोन तिथे कोणी बघत नाही. उलट जिम्नीसारख्या पुढेही अखंड एक्सल असलेल्या गाडीत कॅस्टर आणि शाफ्टचा कोन यांचं वैर आहे. लिफ्टमुळे कॅस्टर कमी होतो, स्टिअरिंग भरकटतं, म्हणून कॅस्टरचे बुश बदलून एक्सल फिरवतात. पण पिनियन त्याच एक्सलवर आहे. कॅस्टर सुधारला की पिनियनचं तोंड खाली जातं आणि फोर-व्हील टाकल्यावर पुढचा शाफ्ट घुमायला लागतो. 2020च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे लिफ्टचा भार चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टांचे सीव्ही जॉइंट आणि त्यांच्या रबरी बुटांवर येतो. तो वेगळा विषय, जिप्सीचा सल्ला तिथे चिकटवू नये.

आता वेज. 'पिनियन शाफ्टच्या दिशेला रोखा' हा सल्ला मुळात खोटा नाही, फक्त दुसऱ्या शाफ्टचा आहे. अमेरिकेत लिफ्ट केलेल्या रँग्लरला ट्रान्सफर केसच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट, म्हणजे शेजारी शेजारी दोन क्रॉस असलेला जोड, बसवतात. तो जोड आपला हेलकावा, म्हणजे वेगाचं ते खालीवर होणं, आपल्यातच जिरवतो, म्हणून पिनियन सरळ शाफ्टकडे, भाराखाली वर उचलला जातो हे धरून एखाददोन अंश खाली, ठेवतात. जिप्सीच्या शाफ्टला दोन्ही टोकांना साधे क्रॉस. तिथे एका क्रॉसने केलेला हेलकावा दुसऱ्याने फेडायचा असतो आणि त्यासाठी दोन्ही कोन सारखे लागतात, म्हणजे ट्रान्सफर केसचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर. पुढे 9, मागे 9 असेल तर पिनियनपर्यंत काही पोचत नाही, मधली नळी तेवढी हेलकावत राहते. वेज टाकून मागचा कोन 2 वर आणला की दिसायला छान दिसतं, पण न फिटलेला हेलकावा असा निघतो: 9चा वर्ग वजा 2चा वर्ग, त्याचं वर्गमूळ 8.8. म्हणजे पिनियनला जवळजवळ 9 अंशांचा एकच क्रॉस लावल्यासारखं झालं. पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी शॅकल लांब लावली तरी एक्सल असाच नकळत फिरतो.

मोजमाप गाडी चाकांवर उभी असताना घ्यायचं. दोन खांबांच्या लिफ्टवर एक्सल लोंबतो आणि भलतेच आकडे येतात. चुंबकाचा डिजिटल अँगल गेज ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर, नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजवर ठेवला की दोन वजाबाक्यांत काम होतं. महामार्गाच्या वेगाला 3 अंशांच्या आत असेल तर उत्तम. अगदी शून्यही नको, सुई-बेअरिंग एकाच जागी खड्डे पाडतात. ट्रान्सफर केस स्पेसरने खाली घेऊन कोन कमी करता येतो, पण जिप्सी आणि जिम्नीत गिअरबॉक्स ते ट्रान्सफर केस असा आणखी एक आखूड शाफ्ट आहे. केस खाली गेली की त्याचे कोन वाढतात, तेही मोजा.

फॉरवर्डमध्ये नसलेली पण त्याच्यामुळेच होणारी एक भानगड सांगतो. बॅलन्ससाठी शाफ्ट उतरवला, स्प्लाइनमधून दोन तुकडे झाले आणि बसवताना खूण न बघता जोडले. दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका रेषेत हवेत. 90 अंशांनी चुकले तर दोन क्रॉस एकमेकांचं फेडण्याऐवजी वाढवतात, 9 आणि 9चे पावणेतेरा अंश होतात. आधी गाडी थोडी थरथरायची, आता डॅशबोर्ड वाजतो, आणि दोष पुन्हा लिफ्ट किटला. उतरवण्याआधी रंगाचा एक फटकारा मारून ठेवायला काही खर्च येत नाही.

शेवटचं वाक्य, 'राहू द्या'. ही थरथर पिनियनचं ऑइल सील, ट्रान्सफर केसचं आउटपुट बेअरिंग आणि क्रॉसच्या सुया एकेक करून खाते. सील गळायला लागलं किंवा क्रॉसच्या कपाजवळ गंजाची तांबडी पूड दिसली तर ती गाडी घाटात नेऊ नका. पुढचा क्रॉस तुटून शाफ्टचं ते टोक चालत्या गाडीखाली रस्त्यात रुतलं तर मागची बाजू उचलली जाऊ शकते.