सेझार फ्रांक ट्रामखाली गेला नव्हता

‘पॅरिसचा ऑर्गनवादक संगीतकार सेझार फ्रांक ट्रामच्या धडकेत जागीच ठार झाला, आणि त्याचे शेवटचे काम अपुरे राहिले’ असा मजकूर सध्या फिरतोय. गोष्ट चटकदार आहे, पण दोन्ही दावे चुकीचे आहेत.

अपघात झाला होता, हे खरे. 1890 मध्ये फ्रांक ज्या घोडागाडीत बसला होता तिला घोड्यांच्याच ऑम्निबसने, म्हणजे प्रवासी बसने, धडक दिली. त्याला मार लागला, त्रासही झाला. पण त्यानंतर त्याच वर्षी त्याने ऑर्गनसाठी तीन ‘कोराल’ लिहून पूर्ण केले. अपुरे राहिले म्हणतात ते हेच! नावावरून चर्चमधली जुनी भजने वाटतील, पण त्यांतल्या चाली फ्रांकच्या स्वतःच्या आहेत. तिसरा, ए मायनर या स्वरश्रेणीतला, एकदा ऐकाच. सुरुवातीला सुरांची नुसती धावपळ, मग मध्येच सगळे थांबते आणि एकच संथ चाल पुढे येते. मरणाच्या दारातल्या माणसाचे हे लेखन आहे, असे मला तरी वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याला सर्दी झाली, ती छातीत उतरली आणि 8 नोव्हेंबर 1890 रोजी, वयाच्या 67 व्या वर्षी तो गेला. अपघाताने तब्येत खालावली असेल, असे काही चरित्रकार मानतात. तेवढे म्हणायला हरकत नाही. सेंट क्लोटिल्ड चर्चमधली ऑर्गनवादकाची जागा मात्र 1858 पासून अखेरपर्यंत त्याच्याकडेच होती.