सातबारा तुमच्या नावावर झाला, आता पुढे?

अभिनंदन! बत्तीस वर्षं मानगुटीवर बसलेला हुकूमशहा पळाला, राजधानीत तुमच्या गाड्या शिरल्या आणि एका आफ्रिकी देशाचा सातबारा तुमच्या नावावर चढला. आता देश उभारायचा म्हणता? घाबरू नका. काँगोवाल्यांनी हा पेपर आधीच सोडवून ठेवलाय, तुम्ही फक्त कॉपी करा.

आधी फेरफार. देशाचं नाव बदला. खर्च कमी, टाळ्या जास्त. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाने १८८५ साली हा अख्खा मुलूख स्वतःची खासगी मालमत्ता म्हणून ताब्यात घेतला आणि नाव ठेवलं 'काँगो स्वतंत्र राज्य'. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. तिथे तर रबरासाठी माणसांचे हातच तोडत, त्यामुळे वाळ्याचाही खर्च वाचला. बत्तीस वर्षं राज्य केलेल्या हुकूमशहा मोबुतूला अस्सल आफ्रिकी नाव हवं होतं, म्हणून १९७१ साली त्याने देशाचं नाव 'झाईर' केलं. हा शब्द म्हणजे 'न्झादी' या स्थानिक शब्दाची पोर्तुगीजांनी केलेली मोडतोड! १९९७ मध्ये मोबुतूला हाकलून बंडखोर नेते लोराँ काबिला आले. देशाच्या नावात 'लोकशाही' आली आणि राजकीय पक्षांच्या कामावर बंदी आली. दोन्ही एकाच महिन्यात.

नावाचं झालं की सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' हा रकाना वाचा. बसून वाचा. मोबुतूने काबिलांसाठी तेराशे कोटी डॉलरच्या आसपास बोजा ठेवला होता. 'कर्ज त्याने काढलं, महाल त्याने बांधले, मग फेडायचं आम्ही का?' असं विचारू नका. जगात ते असभ्यपणाचं समजतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एर्विन ब्लुमेंथाल नावाचा जर्मन बँकर झाईरच्या मध्यवर्ती बँकेत बसवला होता. इथे दिलेला पैसा परत येणार नाही, असं त्याने १९८२ मध्ये स्वच्छ लिहून दिलं. अहवाल वाचला गेला आणि कर्ज पुन्हा सुरू झालं. मोबुतू कम्युनिस्टांच्या विरोधात होता ना! मांजर उंदीर पकडतंय तोवर साय कोणी खाल्ली, हे विचारायचं नसतं.

बोजा उतरवायचा असेल तर दुसरा सावकार गाठा. २००८ मध्ये चीनने खाणींच्या बदल्यात रस्ते आणि इस्पितळं देऊ केली. नऊशे कोटी डॉलरचा करार. त्यावर जुने सावकार कळवळले : अहो, गरीब देशाला इतकं कर्ज? करार सहाशे कोटींवर आणला, तेव्हा कुठे २०१० मध्ये जुनं कर्ज माफ झालं. तांबं आणि कोबाल्ट मात्र बिचारं जमिनीतच होतं, त्याला कोणी काही विचारलं नाही.

आता मित्रांविषयी. तुम्हाला गादीवर बसवायला शेजारी आले असतील तर चहापाण्यावर भागेल, या भ्रमात राहू नका. काबिलांच्या सैन्याचा प्रमुख रवांडाचा अधिकारी होता. जुलै १९९८ मध्ये काबिला पाहुण्यांना म्हणाले, 'या आता'. पाहुणे ऑगस्टमध्ये परत आले, रणगाडे घेऊन. २००० साली तर रवांडा आणि युगांडा या दोन पाहुण्यांची आपसात जुंपली, तीही यजमानाच्या किसांगानी शहरात. त्या युद्धकाळातल्या नुकसानीपोटी युगांडाने साडेबत्तीस कोटी डॉलर द्यावेत, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिला, २०२२ मध्ये. म्हणजे न्याय मिळतो हो, फक्त पावत्या जपून ठेवायच्या.

त्याच वर्षी बेल्जियमनेही हिशेब चुकता केला. १९६१ मध्ये मारल्या गेलेल्या पंतप्रधान लुमुंबांचा एक दात परत दिला. बाकीचा देह बेल्जियन पोलीस अधिकाऱ्याने आम्लात विरघळवला होता, त्यामुळे तेवढीच शिल्लक होती.

निवडणूक? घ्या की, घाई काय आहे! लोराँचे चिरंजीव, राष्ट्राध्यक्ष जोसेफ काबिला यांची मुदत डिसेंबर २०१६ मध्ये संपली आणि मतदान झालं डिसेंबर २०१८ मध्ये. या प्रकाराला तिकडे 'ग्लिसमाँ' म्हणतात, म्हणजे घसरण. खुर्ची जागेवरच असते, घसरते ती तारीख.

राहता राहिली जनता. तिच्यासाठी काँगोत कलम १५ आहे. घटनेत शोधू नका, सापडणार नाही. पण पाठ सगळ्यांना आहे : आपलं आपण बघा. शिक्षकाचा पगार नाही, कलम १५. दवाखान्यात औषध नाही, कलम १५. सैनिकांना महिनोन् महिने पैसे नाहीत, तर तेही बंदूक घेऊन याच कलमाचा आधार घेतात.

शेवटची सूचना विमानाबद्दल. मोबुतूने जंगलातल्या आपल्या ग्बादोलिते गावी कॉन्कॉर्ड उतरेल एवढी धावपट्टी बांधली होती. मे १९९७ मध्ये तिच्यावरूनच तो निघाला, मालवाहू विमानातून. आणि खालून त्या विमानावर गोळ्या झाडल्या त्याच्याच सैनिकांनी. तेव्हा धावपट्टी लांब ठेवाच, पण निघायच्या आदल्या दिवशी पगार वाटायला विसरू नका.