भाकड गाईला दुप्पट पेंड: जास्तीचं प्रोटीन जातं कुठे?

दूध उत्पादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: "भाकड गाईची पेंड दुप्पट करा, महिन्यात अंग धरेल. प्रोटीन जितकं जास्त, तितकं मांस जास्त. जादा झालं तरी अपाय नाही. कमी केलं तर मात्र गाय खंगते." हे वाचून लोक खरंच जादा पोती आणताहेत, म्हणून लिहितो.

"जितकं प्रोटीन, तितकं मांस." वाढत्या कालवडीत, गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत, आजारातून उठलेल्या जनावरात हे बऱ्याच अंशी खरं. पूर्ण वाढलेल्या जनावरात नाही. चरबी साठते, तसं प्रोटीनचं कोठार शरीरात नसतं. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन. तो पोटात किती गेला आणि शेण-मूत्रातून किती बाहेर आला, हे मोजलं की अंगात काय राहिलं ते कळतं. १८६०च्या दशकात म्युनिकमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल फॉइट यांनी कुत्र्यांना मांस घालून हाच हिशेब मांडला. मांस वाढवलं की थोडे दिवस थोडा नायट्रोजन अंगात राही. मग मूत्रातला युरिया (शरीर नको असलेला नायट्रोजन याच रूपात बाहेर टाकतं) वाढे आणि आवक-जावक पुन्हा बरोबरीला येई.

आता आपल्या गोठ्यात या. एक किलो जादा सरकी पेंड, प्रोटीन २२ टक्के धरू. म्हणजे २२० ग्रॅम प्रोटीन, ३५ ग्रॅम नायट्रोजन. गाय दुधात नाही, वाढीत नाही. मग यकृत त्यातल्या बहुतेकाचा युरिया करतं आणि तो मूत्रावाटे जातो. सगळाच गेला तर रोज ७५ ग्रॅम युरिया! पहाटे बंद गोठ्याचं दार उघडलं की डोळ्यांना झोंबतो, तो त्याच युरियाचा शेणातल्या जिवाणूंनी केलेला अमोनिया. विकत आणलेली पेंड तिथे हवेत उडत असते.

तरी काही गाई पेंडीवर भरतात, हे मी पाहिलंय. ते काम पेंडीतल्या ऊर्जेचं. तीच ऊर्जा मक्याच्या भरड्यातून सहसा स्वस्तात मिळते.

"जादा झालं तरी अपाय नाही." अमोनियाचा युरिया करायला यकृताला ऊर्जा खर्चावी लागते. दुभत्या गाईत रक्तातला युरिया फार चढला, तर गाभण राहण्याचं प्रमाण घटतं. गाय वारंवार उलटते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही, म्हणून कुणी विचारलं, की मी आधी पेंड किती घालता ते विचारतो.

"कमी केलं तर खंगते." पहिले काही दिवस नायट्रोजनची तूट दिसते खरी. मग शरीर हात आखडतं: मूत्रपिंड युरिया राखून ठेवतं, लाळेतून आणि रक्तातून तो पोटात परततो, आणि तिथले सूक्ष्मजीव त्याचंच पुन्हा प्रोटीन बनवतात. रवंथ करणाऱ्या जनावराची ही काटकसर मला दरवेळी थक्क करते.

मात्र तिलाही मर्यादा आहे. उन्हाळ्यात गव्हाणीत नुसता वाळका कडबा असेल आणि एकूण आहारातलं प्रोटीन ७ टक्क्यांच्या खाली गेलं, तर सूक्ष्मजीवच उपाशी राहतात, गाय वैरण टाकू लागते आणि खरोखर खंगते. त्या गाईला थोडी पेंड, नाहीतर पेंढीभर लसूणघास, हमखास अंगी लागतो.